हललेला फोटो

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांना श्वास रोखायला लावला. चौकात स्टुडिओ होता. समोर नवरा-नवरी असोत की रडकं पोर, हे कॅमेऱ्यामागून दरडावायचे, "हलायचं नाही! श्वास रोखा!" खट्ट झालं की, "सोडा." ते खट्ट अजून माझ्या कानात आहे.

त्याच सवयीनं घात केला. ह्यांच्या छातीत दुखायचं, जिना चढवेना. हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. तिच्यात स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवायचा की नाही ते ठरवायला डॉक्टरीणबाईंना आधी स्कॅन हवा होता. यंत्र म्हणालं, श्वास रोखा. मग आत कुठेतरी खट्ट वाजलं आणि फोटो निघाला समजून ह्यांनी श्वास सोडून दिला.

"काका, हललात तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं आमच्या लेकीएवढ्या.

"गिऱ्हाईक असतं तर कान उपटले असते मी," हे म्हणाले.

त्या हसल्या. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा काळपट डाग बघा. खरा असेल, तर वाहिनीच्या भिंतीतला थर मऊ आहे. स्टेंट फुगवला की त्याचा चुरा पुढे वाहील आणि बारीक वाहिन्या बुजतील. टेबलावरच मोठा झटका येईल. पण डाग हलल्यामुळेही दिसत असेल. पुढच्या आठवड्यात परत काढू."

तो आठवडा आम्ही त्या हललेल्या फोटोवर जगलो.

"अगं, हललेल्या फोटोत काहीही दिसतं," हे सांगायचे. "एका बाईला दोन डोकी आली होती. मी म्हटलं, परत काढतो. नवरा म्हणाला, नको, एकानंच जीव खाल्लाय, तिसरं निघायचं."

मी डोळ्यांत पाणी येईतो हसले. स्टेंट बसला की लेकीकडे महिनाभर राहायला जायचं, असंही ठरवून टाकलं.

दुसऱ्या वेळी हे दगडासारखे पडून राहिले. नंतर चष्मा लावून पडद्याशी वाकले. बराच वेळ बघत होते.

"स्वच्छ आलाय," ते म्हणाले.

"डाग खरा आहे, काका. स्टेंट घालायला माझा हात धजत नाही."

"मग बायपास?" मी विचारलं.

"तेवढं बळ हृदयात उरलेलं नाही, काकू. गोळ्या वाढवू. दुखणं थोडं कमी होईल."

ह्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. बाहेर आल्यावर माझाच तोल गेला. "अहो, दुसरीकडे दाखवू. फोटोच तर आहे!"

"मी काढला असता तरी असाच आला असता," हे म्हणाले आणि भिंतीला हात टेकत चालू लागले.

घरी पोचतो तोच लेकीचा फोन. "बाबा, स्टेंट कधी?"

"नको म्हणाल्या. गोळ्यांवर भागेल."

"अय्या, म्हणजे सुटलात की!"

"सुटलो," असं म्हणून ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.

लेक आनंदानं विचारत होती, आता कधी येताय दोघं? हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. नुसत्या जिन्यानं ओठ निळे पडले होते.

"बघू गं," मी म्हणाले. "उन्हाळा जरा उतरू दे."

तो उन्हाळा हे काढतील, असं आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.