मंत्रिसाहेबांचा तिकीट-पंच

मित्रांनो, मी एक जुना तिकीट-पंच आहे आणि मी फार रागात आहे. काचेच्या कपाटात, मखमलीवर ठेवलेल्या वस्तूला एवढं चिडायला काय झालं, असं तुम्हाला वाटेल. ऐका तर.

मी अस्सल पोलादाचा. माझी उमेदीची वर्षं रंगनाथ नावाच्या कंडक्टरच्या हातात गेली. गाडीच्या दांड्यावर तो मला टकटक वाजवायचा, तिकिटाला भोक पाडायचा आणि म्हाताऱ्या माणसांना दंडाला धरून उतरवायचा. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. पुढे तो कामगारांचा पुढारी झाला, मग आमदार आणि शेवटी राज्याचा परिवहनमंत्री. तिकिटं यंत्रातून निघू लागली, मी मात्र सभांमध्ये झळकू लागलो. मला उंच धरून तो म्हणे, "मी तुमचा कंडक्टर!" टाळ्या पडत. आणि तोट्याचं कारण सांगून त्यानेच खेड्यांच्या गाड्या बंद केल्या.

२०१४ साली बसव्यवस्था बघायला साहेब सिंगापूरला आले. बुकित तिमाह भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे उच्चभ्रू निवासी संकुलात, इथल्या मराठी मंडळींनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. साहेबांनी मला यजमान चारुदत्तांना भेट म्हणून देऊन टाकलं. तेवढ्यात सिंगापूरच्याच यिशुन भागात राहणारी गिरिजा उठली.

"साहेब, माझी आई डायलिसिसला तालुक्याला जाते. परतीची संध्याकाळची गाडी तुम्ही बंद केलीत. तिने घरी कसं यायचं?"

"ताई, इथल्यासारख्या एसी गाड्या आणतोय आपण!"

"एसी नको हो. होती तीच द्या."

साहेब नुसते हसले. चारुदत्त घाईघाईने माइकवर आले, "चला मंडळी, वडे गार होतायत!" सगळे उठले. गिरिजाची छोटी गार्गी तेवढी इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडून मोठ्याने म्हणाली, "मम्मा, अंकलने आन्सर दिलंच नाही, लाह!" तर लोकांनी तिलाच गप्प केलं. साहेबांना कुणी अवाक्षर बोललं नाही. माझा नुसता संताप झाला.

गाडी काही सुरू झाली नाही. गिरिजाची आई आता हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत एकटी राहते, गावातल्या घराला कुलूप आहे. परवा गिरिजाने माझ्यासमोरच चारुदत्तांना हे सांगितलं. ते "अरेरे" म्हणाले आणि फडक्याने मला पुसू लागले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. नाही सांगणार! मला खुशाल गंजू द्या. आधी त्या बाईला घरी पोचवणारी गाडी सोडा.