मावशी आधी, साहेब शेवटी

मी पुठ्ठा बोलतोय. साधाच पुठ्ठा, एका खोक्याची कापलेली बाजू. ग्वांगजू शहरातल्या फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीत, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत पावणेदोन वर्षं मी भिंतीवर होतो. माझ्यावर पाच ओळी लिहिलेल्या होत्या आणि तिथली माणसं त्या ओळींना चक्क मानत होती. खालच्या मजल्यावर सोनेरी चौकटीत बसवलेले सुविचार लटकतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तेव्हा थोडा ताठा मला शोभतो.

माझा जन्म रद्दीच्या लगद्यातून झाला. माझ्या अंगात जुनी वर्तमानपत्रं आहेत, परीक्षेचे पेपर आहेत, कुणाकुणाची पत्रंही असतील. कारखान्यात माझं खोकं झालं आणि त्या खोक्यातून किमचीच्या फ्रिजचा पहिला नमुना चौथ्या मजल्यावर आला. इथे घरोघरी दोन फ्रिज असतात, एक सगळ्यासाठी आणि एक फक्त किमचीसाठी. नोव्हेंबरअखेर बायका कोबी खारवून, तिखट लावून वर्षाची किमची भरून ठेवतात. त्याआधी जो फ्रिज दुकानात पोचेल तो विकला जातो, नंतर आलेल्याला वर्षभर कुत्रंही विचारत नाही.

हा फ्रिज तयार करायचं काम टाक ह्योन्जू हिच्याकडे होतं. वय त्रेचाळीस, आवाज बारीक, जिद्द मात्र दांडगी. विभागप्रमुखाच्या जागेसाठी तिचं नाव दोनदा पुढे गेलं होतं आणि दोनदा कापलं गेलं होतं. ही तिसरी खेप. फ्रिज वेळेवर निघाला तर तिचं नाव यादीत, नाही तर पुढची दहा वर्षं त्याच खुर्चीत, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं.

मार्चमधल्या पहिल्या बैठकीला पाचजण जमले. मला वाटलं, आता ही बाई नियम वाचून दाखवणार आणि बाकीचे माना डोलावणार. तिनं तसं केलं नाही. मागच्या कामात कुणाला कशाचा त्रास झाला, ते एकेकानं सांगा, एवढंच म्हणाली आणि गप्प बसली. बाकीचेही गप्प. वरच्यानं तोंड उघडल्याशिवाय खालच्यानं बोलायचं नाही, हे या लोकांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. मिनिटामागून मिनिटं गेली. ती बोलेना आणि ते बोलेनात. तिच्या त्या बसून राहण्याचं मला आजही कौतुक वाटतं.

शेवटी बांग मालसुन बोलली. चोपन्न वर्षांची ही बाई कंत्राटावर होती, चव बघायला ठेवलेली. तिला सगळे मावशी म्हणत.

"मी सांगते. मला हुद्दाच नाही, तर जाणार काय माझं? मागच्या वेळी माझी चव सगळ्यात शेवटी विचारायचे. तोवर साहेबांनी 'छान' म्हटलेलं असायचं. मग मीपण छानच म्हणायचे. चाळीस वर्षं किमची घालतेय, पण साहेबापुढे माझी जीभ कोण विचारतो?"

मग बांध फुटला. यंत्राचं काम बघणारे प्यो सांगउक म्हणाले की चूक सापडली तरी ती वर कळवायला आठवडा जातो, कारण जो कळवतो त्यालाच ती चिकटते. दोन तरुण अभियंत्यांनी आपापली गाऱ्हाणी मांडली. प्योंनी चाकूनं खोक्याची एक बाजू कापली. ती वाकडी कापली गेली, म्हणून मी जन्माचा तिरका. माझ्यावर ह्योन्जूनं जाड पेनानं लिहिलं:

हुद्द्याचं कार्ड दाराबाहेर खिळ्याला अडकवायचं, आत फक्त नाव आणि जी.
सगळ्यात खालचा आधी बोलेल, सगळ्यात वरचा शेवटी.
वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची.
जेवताना कामाचं बोलायचं नाही.

चौथी ओळ मावशीची. प्योंनी मग डोळे बारीक करून विचारलं, मोडेल त्याचं काय? फरशी पुसायची, असं ठरलं. आणि लीडरनं मोडलं तर? ह्योन्जू म्हणाली, लीडरला आधी. तीही पाचवी ओळ खाली आली.

नियम लिहायला काय लागतं हो, पेन आणि पुठ्ठा. पाळणं म्हणजे सुळावरची पोळी. तिसऱ्याच आठवड्यात फ्रिजच्या मोटरवरून वाद पेटला आणि ह्योन्जू टेबलावर हात आपटून म्हणाली, "बस. मी सांगते तेच होईल." खालच्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच तिनं निकाल देऊन टाकला होता. मावशी उठली, कोपऱ्यातला पोछा आणला आणि तिच्यापुढे धरला. ह्योन्जू लालबुंद झाली. मग तिनं जॅकेट काढलं, बाह्या सारल्या आणि टेबलाखालीसुद्धा वाकून सगळी खोली पुसली. प्योंनी न सांगता पाय वर घेतले. त्या दिवसापासून माझ्यावरचं लिखाण खरं झालं, असं मी मानतो.

पण माणसं ती माणसंच. उन्हाळा आला, कामाचा बोजा वाढला आणि कुणीतरी माझ्यावर कॅलेंडर अडकवलं. त्यात फ्रिज बाजारात न्यायची तारीख लाल गोलात होती. त्याचं पान नेमकं माझ्या तिसऱ्या ओळीवर यायचं. सगळ्यांची नजर लाल गोलावर, माझ्याकडे कोण बघतो? सप्टेंबरात शेवटची चाचणी लागली. संचालक मेंग यांच्या बायकोनं घातलेली किमची चारही कप्प्यांत सहा आठवडे बंद ठेवायची आणि मग चाखायची. तिसऱ्या आठवड्यात प्यो एकदा आकड्यांच्या कागदाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी तो घडी करून खिशात घातला. मी पाहिलं, पण पुठ्ठ्याला तोंड कुठलं?

चाचणीच्या दिवशी संचालक मेंग स्वतः आले. ह्योन्जूला या कंपनीत त्यांनीच आणलं, काम त्यांनीच शिकवलं, दोनदा तिचं नाव पुढे केलं तेही त्यांनीच. माणूस चांगला, पण गळ्यातलं कार्ड गळ्यातच. आल्या आल्या हसून म्हणाले, बायको विचारत होती, माझी किमची जगली का म्हणून. चारही कप्प्यांतले तुकडे चार बशांत मांडले होते. सगळे उभे राहिले आणि वाट बघू लागले.

आता हे नीट ऐका. इथे ताटावर बसलं की वडीलधाऱ्यानं जेवायच्या काड्या उचलल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आमच्या खोलीत आजवर अडलं नव्हतं, कारण सगळ्यात खालच्या हुद्द्याची मावशीच वयानं सगळ्यात मोठी होती. आज अठ्ठावन्न वर्षांचे मेंग समोर होते. त्यांनी काड्या उचलल्या. ते 'छान' म्हणणार, पाठोपाठ सगळे 'छान' म्हणणार आणि फ्रिज कारखान्यात जाणार. ह्योन्जूची बढतीही त्याच काड्यांच्या टोकावर होती. गप्प राहिली असती तर सगळं मिळालं असतं.

"मेंगजी, थांबा," ह्योन्जू म्हणाली.

साहेब नाही, संचालक नाही, नुसतं मेंगजी. एका तरुण अभियंत्याच्या हातून पेन पडलं.

"इथे मावशी आधी चाखतात. आणि तुमचं कार्ड... ते बाहेर अडकवायचं असतं." तिनं शब्द एकही गिळला नाही.

मेंग तिच्याकडे वळले. "मी तुला काड्या धरायला शिकवलं, ह्योन्जू. आता मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत म्हणून सांगायचं धाडस होतंय. शेवटी तुम्हीच बोला. पण शेवटी."

त्यांनी काड्या खाली ठेवल्या. फार हळू ठेवल्या. कार्ड मात्र काढलं नाही. मावशी पुढे आली. पहिली बशी, मान हलली. दुसरी, तिसरी, तशीच. चौथी बशी खालच्या डाव्या कप्प्यातली. ती चावली, थांबली, पुन्हा चावली.

"ही आंबली. आज नाही, दोन आठवडे झाले असतील. घालणाऱ्या बाईचा दोष नाही हो, हात चांगला आहे तिचा. कप्पा गरम पडतोय."

पुढे प्योंची पाळी आली. मला वाटलं, ते म्हणतील यंत्र ठीक आहे. त्यांनी खिशात हात घातला आणि ती घडी उलगडून टेबलावर ठेवली. डाव्या कप्प्याच्या तापमानाचा आकडा वर जातोय हे त्यांना सप्टेंबरातच दिसलं होतं. थंड हवेची वाट तिथे अपुरी पडत होती, आणि ती वाट बारा वर्षांपूर्वी खुद्द मेंग यांनी आखलेली. तेव्हापासूनच्या प्रत्येक फ्रिजमध्ये ती तशीच उतरवली जात होती, कारण संचालकांच्या रेघेवर बोट कोण ठेवणार? "मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं," प्यो मान खाली घालून म्हणाले.

सगळ्यांत शेवटी मेंग उरले. त्यांनी चौथी बशी ओढली, एक तुकडा खाल्ला.

"आंबट आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

हवेची वाट नव्यानं आखायला चार महिने लागले. लाल गोल आला आणि गेला, त्या वर्षीचा हंगाम हुकला. डिसेंबरात बढत्यांची यादी ठरली त्या दुपारी दार वाजलं. मेंग आत आले. गळा मोकळा होता, कार्ड बाहेर खिळ्याला.

"यादी आत्ताच कळली. तुझं नाव नाहीये. मी पुढे केलं होतं, वरच्यांनी हुकलेली तारीख दाखवली," ते म्हणाले. "वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची असते ना इथे?"

ह्योन्जूचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. ती कमरेतून वाकली. मेंगही वाकले, तिच्याहून खोल. एवढा मोठा साहेब एवढा वाकलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझ्यावर पाचच ओळी होत्या, पण त्या क्षणी मला धर्मग्रंथ झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या हंगामात फ्रिज निघाला आणि चारही कप्पे थंडगार राहिले. काम संपलं, माणसं पांगली. ह्योन्जू त्याच जुन्या खुर्चीत राहिली आणि तिला समोरच्या खोलीत नवं काम मिळालं, नवी पाच माणसं मिळाली. मावशीचं कंत्राट तिनं भांडून वाढवून घेतलं होतं. खोली आवरताना मावशीनं मला भिंतीवरून काढलं आणि विचारलं, हा तिकडे लावू ना?

ह्योन्जूनं माझ्यावरून हात फिरवला. "नको मावशी. तो आपला होता. त्यांचा त्यांना लिहू दे."

खोटं कशाला बोलू, काळजात चर्रर झालं. एवढं केलं आणि शेवटी रद्दी? मग उमगलं की ती बरोबर होती. माझ्या ओळी चालल्या, कारण प्रत्येक ओळीखाली कुणाचं तरी दुखणं होतं. दुसऱ्याचं दुखणं भिंतीवर टांगून काय होणार, आणखी एक सुविचार होईल.

आता मी जिन्याजवळ इतर खोक्यांबरोबर सुतळीनं बांधलेला पडलो आहे. आज गुरुवार, रद्दीची गाडी यायचा दिवस. पुन्हा लगदा होईन, पुन्हा काहीतरी होईन, त्याची भीती नाही. तुमच्याकडे कधी पाचजण मिळून काम करायला बसले, तर एवढं ऐका माझं. माझ्या ओळी उतरवून घेऊ नका. आपल्या दुखण्यांतून आपल्या लिहा, आणि पहिला पोछा मुख्य माणसाच्या हाती द्या.

समोरचं दार अर्धवट उघडं आहे. आत बराच वेळ शांतता होती, आता एक नवखा आवाज चाचरत बोलू लागलाय. ह्योन्जूचा आवाज मात्र अजून आलेला नाही. खाली गाडीचा भोंगा वाजला.