चार दिवस मदतीला

वहिनींनी टाईप करता करता हात थांबवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तिची ती ठरवते, असंच लिहू?"

"असंच लिहा," भाऊजी म्हणाले. ते खिडकीपाशी उभे राहून गुडघ्याचा नवा सांधा उघडमीट करून बघत होते. कृत्रिम पाय बनवणाऱ्या या कारखान्याचे ते मालक, आणि वहिनींचे धाकटे दीर.

पहिलाच प्रश्न होता, कामाच्या वेळा कोण ठरवतं? एकूण अकरा प्रश्न होते. परदेशात त्यांचं एक केंद्र होतं, तिथे पाय बसवून द्यायचे. त्यासाठी आणखी दोन माणसं नेमायची होती, म्हणून भाऊजींनी तिथली एक वकीलबाई गाठली होती. तिनं उलट हा फॉर्मच धाडला. नव्यांचं नंतर बघू, म्हणाली, आधी जी आहे तिच्याबद्दल सांगा. सोबतच्या पत्रात तिनं आडपडदा ठेवला नव्हता. कागदावर तुम्ही तिला काय म्हणता याला इथे किंमत नाही. वेळ तुमची, अवजारं तुमची आणि हुकूमही तुमचा असेल, तर ती तुमची नोकरदार. मग दुखण्यात पगार चालू ठेवावा लागेल आणि तिची जागा दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

जी होती तिला कारखान्यात सगळे 'तिकडची' म्हणत. चार वर्षं ती एकटी केंद्र सांभाळत होती. करारात मात्र लिहिलं होतं, स्वतंत्र व्यावसायिक. तीन आठवड्यांपूर्वी एक म्हातारा नव्या पायावर पहिली पावलं टाकताना कलंडला. तिनं त्याला झेललं. म्हाताऱ्याला ओरखडासुद्धा आला नाही, तिचं मनगट मात्र मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून तिला एक पैसा गेला नव्हता, आणि नव्या दोघांपैकी एकाला तिच्या जागी बसवायचं भाऊजींच्या मनात होतं. वहिनींना ते पक्कं ठाऊक होतं, कारण त्या दोघांना कळवणारी पत्रंही त्यांनीच टाईप केली होती.

"पुढचा?" भाऊजींनी विचारलं.

"दुसरीकडचं काम घ्यायला तिला मोकळीक आहे का?"

"आहे की. आम्ही काय बांधून ठेवलंय तिला?"

वहिनी टाईप करेनात. खुर्ची मागे सरकवून त्यांनी कपाटातून निळी फाईल काढली आणि खुणेची चिठ्ठी न शोधता नेमकं पान उघडलं.

"मागच्या वर्षी तिनं विचारलं होतं. शनिवारी एका दवाखान्यात जाऊ का म्हणून. तुम्ही काय कळवलंत, वाचू?"

"राहू द्या."

"'तू आमच्या घरच्यासारखी आहेस. घरच्या माणसानं दुसऱ्याच्या दारात जाऊ नये.'" वहिनींनी पान उलटलं. "आणि हे वेळेचं. 'नऊला दार उघडं दिसलं पाहिजे, साडेनऊ चालणार नाही.' हे बहिणीच्या लग्नाचं. चार दिवस मागितले होते, दोन दिलेत."

"अहो, तेव्हा कामाची घाई होती!"

"होती ना. मी कुठं नाही म्हणते?"

भाऊजींनी सांधा टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. एखादं पोर पहिल्यांदा नव्या पायावर चालायला लागलं की पाठ फिरवून डोळे पुसायचा. पण खर्चाचं नाव काढलं की कपाळावर आठी आलीच.

"वहिनी, तुम्ही फक्त टाईप करायचं. सही माझी आहे."

"शब्द माझ्या हातचे असतात, भाऊजी. इतकी वर्षं तुमचं रागावणंही मीच सुवाच्य करून पाठवलंय. हे खोटं मी नाही लिहिणार."

"तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

वहिनींना या प्रश्नाचा राग आला. त्यांनी फाईल मिटून छातीशी धरली. भाऊजी सांधा उचलून दारापर्यंत गेले.

"लिहा काय लिहायचं ते," ते पाठमोरे म्हणाले. "घरचं माणूस म्हणून ऐकून घेतोय. संध्याकाळी बघतो."

पलीकडे घासायचं यंत्र सुरू झालं. वहिनींनी पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली आणि अकराही उत्तरं खरी खरी लिहिली. प्रश्न सोपे होते. अवजारं कुणाची? नाही म्हणायची सोय आहे का? काय मिळेल, हे कधी लेखी ठरलं होतं का? शेवटच्या प्रश्नाशी त्या बराच वेळ थबकल्या. चहा निवून गेला. मग त्यांनी फॉर्मची आणखी एक कोरी प्रत छापली आणि पेन घेतलं.

साडेपाचला भाऊजी आले तेव्हा वहिनी पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या. एरवी त्या सातपर्यंत असत. भाऊजींनी टेबलावरचा कागद उचलला, उभ्याउभ्याच वाचला. मध्ये एकदा जोरात श्वास सोडला.

"म्हणजे पगार द्यायचा. आणि जागाही तिचीच."

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि सही केली. "सापडलो म्हणायचं आपण. सुटलो एकदाचे."

"खाली अजून एक आहे."

भाऊजींनी दुसरा कागद ओढला. हा हातानं भरलेला होता. वर नाव वहिनींचं होतं.

"हे काय आता?"

"भरून बघितला. अवघड नाही."

ते खुर्चीत बसले. कामाच्या वेळा कोण ठरवतं? भाऊजी. दुसरीकडचं काम? शाळेत कारकुनाची जागा आली होती, भाऊजी नको म्हणाले. काय मिळेल, हे लेखी ठरलं होतं का? नाही. 'लागेल तेवढं कपाटातून घ्या, तुमचंच आहे,' असं सांगितलं होतं. कधी घेतलं नाही. कामाची सुरुवात कधी आणि कशी? एकोणीस वर्षांपूर्वी. चार दिवस मदतीला या, असं म्हणाले होते.

भाऊजींनी वर बघितलं. वहिनी दाराशी चपला घालत होत्या, त्यांच्याकडे पाठ होती.

"वहिनी..."

"शेवटचा वाचा," त्या म्हणाल्या.

रजा कुणाच्या परवानगीनं मिळते? त्यापुढे सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, आजवर मागितली नाही. उद्यापासून चार दिवस हवी आहे.

खाली मालकाच्या सहीची जागा मोकळी होती. पलीकडचं यंत्र बंद पडलं, तसा टेबलावरचा फोन वाजायला लागला. सवयीनं वहिनी अर्धवट वळल्या, मग तशाच उभ्या राहिल्या. भाऊजींनी फोनकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि पेनचं टोपण काढलं.