खाकरल्याशिवाय

असं समजा, तुमच्या दोन्ही हातांना ज्वारीचं ओलं पीठ लागलेलं आहे आणि दातांत साडीचा पदर धरलेला आहे. तो सोडायचा नाही. पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही, जांभई आली तरी गिळायची. डोक्यावर मे महिन्याचं ऊन आहे आणि तुम्हाला शंभर बिबड्या थापायच्या आहेत. करून पाहा, मनातल्या मनात.

म्हसावदच्या मीनाबाई त्या सकाळी हेच करत होत्या. ओल्या फडक्यावर ज्वारीचा पातळ पापड थापायचा, उचलायचा आणि खाटेवर पसरलेल्या जुन्या धोतरावर उलटा टाकायचा. चार-पाच बिबड्या झाल्या की पदर घसरे. मग त्या कोपराने तो पुढे ओढत. त्यांच्या कपाळाला, कानाला पीठ लागलं होतं. दहा वर्षांची नात रंजिता पायरीवर बसून बघत होती.

"आजी, सोड ना तो पदर. घरात कोणीच नाही."

मीनाबाईंनी मानेनेच गोठ्याच्या खांबाकडे खूण केली. तिथे मुठीएवढा पांढरा कॅमेरा बसवलेला होता. त्याचा बारीक निळा दिवा लागलेला होता.

"पण मोठे बाबा तर नंदुरबारला आहेत!"

आता बोलणं भाग होतं. मीनाबाईंनी पदर दातांतून सोडवला.

"तठे शेतस, पण देखतस तं आठेच ना?"

"आत्ता नसतील बघत."

"दिवा लागेल शे."

"तो कायम लागलेला असतो गं."

"मंग कायम देखतस," असं म्हणून त्यांनी पदर पुन्हा दातांत धरला.

मोठे बाबा म्हणजे मोतीलाल, मीनाबाईंचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन या घरात आल्यापासून मीनाबाई कधी त्यांच्यासमोर उघड्या डोक्याने गेल्या नव्हत्या, त्यांच्याशी थेट बोलल्याही नव्हत्या. म्हशीला पेंड घातली का, हे मोतीलाल अंगणातल्या एखाद्या पोराला विचारत. उत्तर मीनाबाई त्याच पोराला देत. पोर मध्ये नुसतं उभं असे. तुम्हाला हसू येईल, पण त्यात राग नव्हता. तो मान होता, आणि दोघांनी तो सारखाच सांभाळला होता.

तीन वर्षांपूर्वी मोतीलालांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचा मुलगा नवनीत त्यांना नंदुरबारला घेऊन गेला. मीनाबाईंचे यजमान त्याआधीच वारले होते. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, मीनाबाई दुपारी कडुलिंबाखालच्या खाटेवर पदर बाजूला टाकून झोपल्या. केसांतून वारा गेला. हे सुख त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण दुपारचा तो एक तास कधी चुकवलाही नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात अंगणातून पाण्याच्या मोटारीची केबल चोरीला गेली आणि हेमकांतने, म्हणजे रंजिताच्या वडिलांनी, कॅमेरा बसवला. अंगण तीन मोबाइलवर दिसू लागलं: त्याच्या, शहाद्याला नोकरीला जाणाऱ्या सीमाच्या, म्हणजे रंजिताच्या आईच्या, आणि मोठ्या बाबांच्या. "घर त्यांनी बांधलं, त्यांना दिसत राहू दे," असं हेमकांत म्हणाला. विचार चांगलाच होता. त्या आठवड्यापासून मीनाबाई दुपारी धान्याच्या खोलीत झोपू लागल्या. तिथे खिडकी नव्हती, आणि पंखा गरम हवाच इकडून तिकडे करी.

मुलाजवळ त्यांनी एकदाच विषय काढला होता. तो हसला होता. "आई, त्या डबामा कोनी बठेल शे का?" मोठ्या बाबांच्या मोबाइलमधून ते काढून टाक, असं मात्र त्यांना म्हणवलं नाही. ज्याने घर बांधलं त्याच्याच तोंडावर दार कसं लावायचं?

साठाव्या की सत्तराव्या बिबडीला मीनाबाई उठल्या आणि खाटेचा पाय धरून तशाच खाली बसल्या. रंजिता धावली.

"काय झालं आजी?"

"काही नही व. थकी गयू."

रंजिताने पाणी आणलं. मीनाबाईंनी कॅमेऱ्याकडे पाठ केली, पदराच्या आत पेला नेला आणि तिथेच पाणी प्यायल्या. उरलेलं पीठ तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हेमकांत वर्षाची मिरची घ्यायला नंदुरबारला निघाला, तेव्हा रंजिता हट्टाने त्याच्या मागे मोटारसायकलवर बसली. त्याने तिला नवनीतकाकाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर सोडलं आणि तो बाजारात गेला.

मोठे बाबा आपल्या खोलीतून बाहेर येत होते. दारात थांबून ते खाकरले आणि मगच त्यांनी काठी उंबऱ्याबाहेर टेकली. स्वयंपाकघरातून नवनीतची बायको रुपा लगबगीने आली. तिच्या हातात बाटली आणि चमचा होता.

"बाबा, कालपासून वाढलाय हं खोकला. घ्या बरं."

मोतीलालांनी मुकाट्याने दोन चमचे औषध घेतलं. रुपा आत गेल्यावर ते रंजिताकडे झुकले.

"माले खोकला नही शे."

"मग काकूला सांगत का नाही?"

"दोन वरीस सांगी देखं. आते पी लेस." त्यांनी ओठ पुसले. "गोड ऱ्हास."

दोघं गॅलरीत बसले. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. स्टुलावर मोठ्या बाबांचा मोबाइल पालथा पडला होता आणि त्याच्यावर घडी केलेला रुमाल होता.

"मोठे बाबा, तुम्ही आमचं अंगण रोज बघता ना?"

"नही व."

"एकदा पण नाही?"

मोतीलाल काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले.

"हेमकांतनी टाकी दिधं, त्या दिनले देखं जरासं. तुन्ही आजी खाटवर झोपेल व्हती. डोकावर पदर नव्हता." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "पालथं टाकी दिधं. तवयपाईन तसंच शे."

"आजीला कळलंसुद्धा नसेल."

"माले तं कळनं ना? तठे बाईमाणसं वावरतीस, बेटा. खाकऱ्याबिगर आंगनमा पाय ठेवाना नही, आसं मन्हा बापनी शिकाडं. ह्या डबाले खाकराले येस का?"

रंजिता हसली, पण मोठे बाबा हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं,

"म्हशीनी पारडी कितली मोठी व्हयनी?"

रंजिताने कमरेशी हात धरला. मग विचार करून थोडा वर नेला. मोठे बाबा त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले.

रंजिता चटईचा दोरा ओढत बसली. घरी जाऊन नुसतं सांगितलं असतं, की आजी, ते बघतच नाहीत, तर आजीला खाट परत मिळाली असती. पण मग मोठ्या बाबांना पारडी कधी दिसणार? दोरा तुटला. तिने रुमाल बाजूला केला आणि मोबाइल उचलून, तसाच पालथा, मांडीवर घेतला.

"यात बोलायचं पण बटन आहे. पप्पा शेतातून त्यानेच कुत्र्याला हाकलतात. इथे बोललं की तिथे अंगणात ऐकू येतं."

"आठे खाकरं, तं तठे ऐकाले जाई?"

"हो. पण रोज एकदाच खाकरायचं आणि मगच बघायचं. मी आजीला सांगेन, खाकरलं नाही म्हणजे कोणी बघत नाही."

मोतीलालांनी सदऱ्याचं वरचं बटन लावलं, टोपी सारखी केली, काठी टेकली आणि ते उठून उभे राहिले. बसून खाकरण्याची त्यांना सवय नव्हती.

रंजिताने मोबाइल आपल्याकडे वळवून सुलटा केला आणि अंगणाचा कॅमेरा लावला. काचेवर तळहात दाबून ठेवत तिने कडेचं बोलायचं बटन अंगठ्याने दाबलं आणि मान हलवली.

मोतीलाल खाकरले. रुपाला रोज ऐकू जायचं तसं नाही. पोटातून, भरघोस, वेशीवरून आलेल्या माणसाने आपल्या दारात खाकरावं तसं. दोनदा.

"आणते हं, बाबा!" रुपा आतून म्हणाली.

मोबाइलमधून क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग लांबून स्टीलचं काही तरी पडल्याचा आवाज आला. म्हैस हंबरली. पाठोपाठ बांगड्या वाजल्या.

मोतीलालांचा हात पुढे आला.

"थांबा," रंजिता म्हणाली. "आजीचे गुडघे दुखतात. तिला वेळ लागतो."

मोठ्या बाबांनी हात मागे घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. रंजिताने मोबाइल मांडीवर ठेवला, दुसराही तळहात काचेवर पसरला आणि घाई न करता, एकेक आकडा पुरा म्हणत, ती वीसपर्यंत मोजू लागली.