फ्रीजरमधला स्वेटर

आईच्या स्वेटरला कसर लागल्याचं मला बाहीवरच्या तीन भोकांवरून कळलं. मऊ, पातळ लोकर आणि बारीक वीण. डोळे चांगले होते तेव्हा आईनं स्वतः विणलेला. कडक उन्हात ठेवला तर अळ्या मरतात, पण असल्या लोकरीचा रंगही जातो. म्हणून मी तो पिशवीत घातला, हवा काढून तोंड चिकटपट्टीनं बंद केलं आणि आठ दिवसांसाठी फ्रीजरमध्ये ठेवला. अळ्या घरभर सांडू नयेत म्हणून झटकलासुद्धा नाही.

दोन दिवसांनी लक्षात आलं, आईच्या बोटात ओपलची अंगठी नव्हती.

आम्ही गाद्या उलट्या केल्या, बेसिनखालचा पाइप उघडला, पिठाचा डबा चाळला. आई रिकामं बोट चोळत दर अर्ध्या तासानं विचारायची, "माझा खडा कुणी घेतला?"

"कुणी म्हणजे?" फोनवर ताई म्हणाली. "घरात माणसं तीन. तू, आई आणि ती."

ती म्हणजे आईला सांभाळायला येणाऱ्या मावशी. चार वर्षं झाली. आई जेवते ती फक्त त्यांच्याच हातून. मी घास पुढे केला की ओठ मिटून घेते.

"रविवारी येते आणि सोक्षमोक्ष लावते," ताई म्हणाली.

मी "बघू" म्हणाले. "नको" म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी खुंटीवरच्या मावशींच्या पिशवीकडे माझी नजर दोनदा गेली, हेही खरं.

रविवारी सकाळी सहा वाजता मी स्वेटरची पिशवी फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायला गेले, तेव्हा डाव्या बाहीच्या टोकाशी बोटांना काहीतरी टणक लागलं. वाटाण्याएवढं. आई बाहीत काहीही खुपसते: रुमाल, खोकल्याची गोळी, एकदा तर चहाचा चमचा. गोळीच असेल. प्लास्टिक आणि लोकर यांच्या आडून नीट कळेना.

उघडून बघावं, तर ओपलमध्ये थोडं पाणी असतं. गारठ्यातून एकदम उबेत आला तर तडकू शकतो. आणि थंड लोकरीवर हवेतलं पाणी बसतं. दोन्ही सावकाश, बंद पिशवीतच गरम व्हायला हवीत, म्हणजे संध्याकाळ. ताई अकराला येणार होती.

मी चहा केला आणि अर्धा टाकून दिला. पुन्हा केला. दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडून पिशवी चाचपत होते.

"धाकट्या ताई," मावशी म्हणाल्या, "त्या फ्रिजची दृष्ट काढायची आहे का? सारख्या बघताय ते."

"काही नाही," मी म्हणाले. गोळी निघाली तर उगाच आशा लावल्यासारखं होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ताई पावणेअकरालाच आली. चपला काढता काढताच तिनं सुरुवात केली. मावशी आईची वेणी घालत होत्या.

"मावशी, सरळ विचारते. अंगठी कुठे आहे?"

"मोठ्या ताई, मला माहीत असतं तर आजींना इतके दिवस बोट चोळू दिलं असतं का?"

"बोलायला पक्क्या आहात."

मावशींनी अर्धी वेणी आईच्या हातात दिली. "धरा हं आजी." मग खुंटीवरून पिशवी काढली आणि पलंगावर उलटी केली. डबा, चष्मा, किल्ल्या, रफू करायला घेतलेला एक लहानसा लोकरीचा मोजा. मोज्यात हात घालून तोही उलटा करून दाखवला.

मी फ्रिजकडे गेले आणि स्वेटर घेऊन आले. बाहीतल्या त्या टणक गोष्टीबद्दल सांगितलं, तडकण्याबद्दलही.

ताईनं प्लास्टिकवरून चाचपलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "हीच आहे. खड्याचा कंगोरा लागतोय बघ. काखेत कळसा नि गावाला वळसा! जा, ठेव परत."

"परत?"

"तूच म्हणतेस ना तडकेल म्हणून? शास्त्रज्ञबाई, आजीच्या आईपासून चालत आलेला खडा आहे तो. संध्याकाळी उघडू. सहा-सात तासांनी कुणाचं काय बिघडतंय?"

मावशी एकेक वस्तू पिशवीत परत भरत होत्या. किल्ल्यांचा आवाज होऊ नये म्हणून मुठीत धरून.

मी कात्री घेतली.

"अगं, वेडी आहेस का!"

पिशवी कापताच लोकरीवर बारीक दव धरलं. डाव्या बाहीच्या टोकाला, आतल्या बाजूनं, अंगठी दोन टाक्यांत अडकली होती. सोडवताना एक टाका तुटला. मी ती रुमालात गुंडाळणार, इतक्यात आईनं हात पुढे करून ओढून घेतली आणि बोटात घातली.

"गार आहे," आई म्हणाली. खूश होती.

थोड्या वेळानं मी तिचा हात खिडकीपाशी धरला. खड्याच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसली. ताईनं ती पाहिली आणि माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही. मावशींशी तर नाहीच.

"मावशी, चूक माझी," मी म्हणाले. "ठेवण्याआधी बाही बघायला हवी होती. आणि सकाळीच तुम्हाला सांगायला हवं होतं."

"सकाळीच माहीत होतं?"

"शंका होती."

"हं." त्यांनी आईची सुटलेली वेणी पुन्हा हातात घेतली आणि पुढे घालायला लागल्या. टोकाला रबर लावलं. जाताना दारात मी विचारलं, "उद्या याल ना?"

"बघू," त्या म्हणाल्या.

स्वेटर टॉवेलवर सपाट पसरून वाळवला. तुटलेला टाका सुईनं उचलला. भोकं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी आठला आईला भरवायला बसले. तिनं ओठ मिटले. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले.

नऊला पाच कमी असताना बेल वाजली. मावशी आल्या होत्या. डबा एका हातात, किल्ल्या दुसऱ्या हातात, चष्मा दोरीनं गळ्यात. पिशवी आणली नव्हती.