बाधणारा हात

काडी घरात आली ती बायकोच्या हट्टापायी. शर्यतीतून काढून टाकलेल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना सांभाळणारी एक जागा शहराबाहेर होती. बायको टपाल कचेरीतून रजा काढून एकटीच तिकडे गेली आणि संध्याकाळच्या आत एक करड्या रंगाची, लांबट तोंडाची कुत्री घेऊन परतली. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी बारीक. शेजारच्या काकू जिन्यातच म्हणाल्या, "अगं, ही कुत्री आहे का काडी?" तेच नाव पडलं.

बायकोच्या हातून काडीने येताक्षणी वाटीभर भात खाल्ला, पाणी प्यायली आणि सोफ्यावर चारी पाय पसरून झोपली. हे सगळं त्याला बायकोने फोनवर सांगितलं. तो तेव्हा सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता.

सलून त्याचं स्वतःचं. खुर्च्या तीनच, पण त्याच्या खुर्चीसाठी लोक ताटकळत बसायचे. हात लोण्यासारखा. मान खाली धरली की माणूस डुलकी काढायचा. पहिल्यांदा केस कापायला आणलेली पोरं दुसरीकडे भोकाड पसरायची, याच्या पुढ्यात गप्प बसायची. मूलबाळ नव्हतं, तेव्हा कुत्रं येतंय म्हटल्यावर त्यालाही मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आपल्याकडे तर लगेच रुळेल, याबद्दल त्याला शंका नव्हती.

तो दारात आला आणि काडी उठून उभी राहिली. शेपूट पायात, कान मागे. भुंकली नाही, गुरगुरली नाही. नुसती उभी राहिली, कोणीतरी हजेरी घेतल्यासारखी.

"लाजतेय," बायको म्हणाली. "तुम्ही भरवा, म्हणजे ओळख होईल."

त्याने उकडलेल्या कोंबडीचे तुकडे भातात कालवले, खाली बसून घास पुढे केला. काडीने तो घेतला. दुसरा घेतला. वाटी संपेपर्यंत निमूटपणे खात राहिली, डोळे मात्र त्याच्या चेहऱ्यावर खिळलेले. मग दोन पावलं मागे सरली, पाठीची कमान केली आणि सगळं बाहेर काढलं.

"नवी जागा आहे," तो फरशी पुसत म्हणाला. "होतं असं."

पण ते तसंच होत राहिलं. बायकोला पहाटेच टपाल निवडायला जावं लागे, सलून दहाला उघडे. म्हणजे सकाळचं खाणं त्याच्याकडे आणि हौसेने रात्रीचंही त्याच्याचकडे. कधी उलटी, कधी पातळ शी, कधी पोटात एवढी गुडगुड की पलीकडच्या खोलीत ऐकू यावी. सतरंज्या धुऊन धुऊन विरल्या. मुळातच अंगावर मांस नाही, त्यात काडी दिवसेंदिवस चिपाडासारखी दिसू लागली. रस्त्यात लोक थांबून विचारायचे, "खायला घालता ना हो तिला?" तो ओशाळून हसायचा.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, शी तपासली, पोटाचे फोटो काढले. जंत नाहीत, आतड्याला सूज नाही, काही नाही. खाणं बदललं, वेळा बदलल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "घरात कसली भीती आहे का तिला?"

"आमच्या घरात?" बायको हसली. "यांना तर साधं झुरळ मारवत नाही."

त्याच सुमारास सलूनचं रंगकाम काढलं. तो दोन-तीन दिवस सकाळपासून तिकडेच अडकला आणि काडीला खाऊ घालायचं काम शेजारच्या काकूंनी अंगावर घेतलं. काडीने एकदाही ओकारी काढली नाही. काकू तर म्हणाल्या, "तुमची काडी म्हणजे गुणाची पोर आहे. वाटी चाटूनपुसून लख्ख!"

रंग वाळला, तो घरी आला, त्याने भरवलं, आणि काडीने पुन्हा पाठीची कमान केली.

आता मात्र त्याच्या मनाला लागलं. त्याने साबण बदलला. आफ्टरशेव्हचा वास नको म्हणून घरी येताच आंघोळ करू लागला. हातमोजे घालून पाहिले. एकदा तर बायकोने शिजवलं, बायकोने कालवलं, त्याने नुसती वाटी उचलून काडीपुढे ठेवली. तीही पोटात ठरली नाही.

"माझाच हात बाधतोय तिला," तो म्हणाला.

"काहीतरीच काय!" बायको म्हणाली, पण त्यानंतर वाटी तिने आपल्याकडे घेतली.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या उलटीवरच्या गोळ्या अजून उरल्या होत्या. काडीला गोळी द्यायची म्हणजे बायकोच्या नाकी नऊ यायचे. जबडा घट्ट, मान झाडायची, गोळी सोफ्याखाली. एका संध्याकाळी ती कंटाळून म्हणाली, "तुम्ही धरा हो जरा."

तो नुसता पुढे आला. काडीने आपणहून मान वर केली आणि तोंड उघडलं. त्याचा अंगठा सुळ्याच्या मागच्या फटीत जाऊन बसला, दोन बोटं जबड्याखाली गेली, गोळी जिभेच्या मुळाशी पडली. मग एक हलकी शीळ, दोन सुरांची, खाली उतरत जाणारी. काडीने आवंढा गिळला. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

बायको बघतच राहिली. "हे कधी शिकलात?"

"काय?"

"हे असं धरायला. आणि ती शीळ कुठली?"

"कुठली शीळ?"

"आत्ता घातलीत ती!"

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठा अजून वाकलेलाच होता. आयुष्यात त्याने कुत्रं पाळलं नव्हतं, आणि शीळ तर त्याला येतच नव्हती. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. काडी उघड्या तोंडाने तशीच उभी होती. तिला वाटत होतं, अजून काही द्यायचं राहिलंय.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी तो बायकोला फक्त "जाऊन येतो" म्हणाला आणि शहराबाहेरच्या त्या जागी गेला. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या, मधून धुतलेली ओली वाट. जागा सांभाळणारी बाई पाठमोरी उभी राहून बादलीत ब्रश बुचकळत होती.

"जरा विचारायचं होतं," तो म्हणाला.

बाई आवाजावरच वळली आणि तिच्या हातून बादली सुटली. पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं. ती भिंतीला टेकली होती, चेहरा पांढराफटक.

"तुम्ही तर..." ती म्हणाली.

"माझी बायको इथून कुत्री घेऊन गेली. करडी. तिच्या पोटाची तक्रार आहे, म्हणून आलो."

त्याचं बोलणं संपेपर्यंत शेडमधला आवाज थांबला होता. इतका वेळ नखांची खरखर, पाणी पिण्याची लपलप, जांभया असं काही ना काही चालू होतं. त्याने वळून पाहिलं. दोन्ही बाजूंची कुत्री उठून जाळीपाशी आली होती. एकही भुंकत नव्हतं. एकामागून एक त्यांनी माना वर केल्या आणि तोंडं उघडली. शेडच्या टोकापर्यंत तेच, वर केलेले गळे आणि उघडे जबडे. आणि मग टोकाच्या खोलीतल्या एका काळ्या कुत्र्याला काही न खाताच उबळ येऊ लागली.

"बाहेर चला," बाई घाईने म्हणाली. "आधी बाहेर चला."

बाहेर कठड्यावर बसून तिने त्याला दोनदा-तीनदा निरखून पाहिलं. "भाऊ का तुम्ही त्यांचे?"

"कोणाचे? मी एकुलता एक आहे."

तिने ओले हात पुसले. मग सांगू लागली. ही सगळी कुत्री एकाच माणसाच्या हाताखाली शर्यतीला तयार झालेली. "कुत्र्यांवर कधी हात उचलला नाही त्यांनी. आवाज चढवायचे नाहीत. पण ज्या दिवशी एखादं कुत्रं हरायला हवं असेल, त्या दिवशी त्याला त्यांच्या हातचा घास जायचा."

"काय असायचं घासात?"

"देव जाणे. कडू काहीतरी. मांसात दडवायचे. वरून काही दिसायचं नाही, पोट मात्र आतून पिळवटून निघायचं. कुत्र्यांना कळायचं हो. कळूनसुद्धा तोंड उघडायची. दुसरं काय करणार?"

"कुठे असतो हा माणूस?"

"वारले. मी स्वतः पोचवायला गेले होते." तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "शेवटी शेवटी पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. काय झालं होतं ते कोणालाच कळलं नाही."

"मी त्यांच्यासारखा दिसतो?"

"दिसता?" बाई म्हणाली. "दिसण्याचं सोडा. तुम्ही निघताना एवढं करा, इथे शीळ घालू नका."

तो घरी आला. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हसली नाही. "मग परत देऊया का तिला?" तिने हळूच विचारलं. "तिच्यासाठीच म्हणते मी."

काडी सोफ्याच्या कोपऱ्यात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. चेहरा काही त्याला बदलता येणार नव्हता. आवाजही नाही. पण एक गोष्ट त्या दुसऱ्या माणसाने कधीच केली नसणार, हे त्याला बसल्या जागी सुचलं. तो उठला, काडीची वाटी घेतली, भात-कोंबडी कालवली, तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

घास कडू होता. कारल्याचा, औषधाचा, कुठलाच ओळखीचा कडूपणा नव्हे. जीभ आत ओढली गेली, डोळ्यांना पाणी आलं. त्याने कसाबसा गिळला.

"काय झालं?" बायको म्हणाली. तिने वाटीत बोट घालून चाटून पाहिलं. "साधा भात आहे. मीठसुद्धा नाही."

त्याने पुन्हा घेतला. कडू. काडी मान वाकडी करून बघत होती. वाटी त्याने एकट्याने संपवली आणि न्हाणीघरात जाऊन ओकला. रात्रभर पोटात कळा येत राहिल्या. बायको गरम पाण्याची पिशवी देत म्हणाली, "पुरे आता, कानाला खडा लावा." पण सकाळी तो पुन्हा वाटी घेऊन फरशीवर बसला.

असे बरेच दिवस गेले. काडीचं पोट बायकोच्या हातच्या खाण्यावर निवळत गेलं, याचं मात्र बिनसलं. गाल बसले. गिऱ्हाइकं विचारू लागली, "तब्येत बरी आहे ना?" एकदा तर वस्तरा टेबलावर ठेवून त्याला मागच्या मोरीकडे धावावं लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही, हे ऐकून त्याला आश्चर्य वाटलं नाही. बायको मात्र खोलीचं दार लावून रडली. त्या मेलेल्या माणसाच्या पोटाचं तिने ऐकलं होतं.

पण कडूपणा कमी होत होता. आधी गिळताना जाणवायचा तो मग जिभेच्या टोकाशी उरला, मग नुसता वास. आणि एका सकाळी, उन्हाची तिरीप फरशीवर आली असताना, त्याने घास घेतला आणि तो भाताचा लागला. नुसता, मऊ, बेचव भात. त्याने खात्रीसाठी आणखी एक खाल्ला. तेवढ्यात काडी सोफ्यावरून उतरली, जवळ आली आणि वाटीत तोंड घातलं. तोंड वर करून उघडलं नाही. आपलं आपण खाल्लं. मग त्याच्या मांडीवर हनुवटी टेकून बसली. तो हालचाल न करता वाट पाहत राहिला. पाठीची कमान झाली नाही. पोट गुडगुडलं नाही. थोड्या वेळाने काडी घोरू लागली. बायको कामावरून आली तेव्हा दोघं तिथेच होती आणि सलून त्या दिवशी उघडलंच नव्हतं.

त्याचंही पोट हळूहळू ताळ्यावर आलं. काडी बाळसं धरू लागली. घरात कोणी तो विषय काढत नसे. पण त्या शेडमधल्या वर केलेल्या माना काही त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. पुढच्या सुट्टीला त्याने मोठं पातेलंभर भात शिजवला.

"सगळ्यांचं?" बायकोने विचारलं. "झेपेल का तुम्हाला?"

"बघू."

बाईने फाटक उघडलं, या वेळी मागे सरली नाही. शेडमध्ये पुन्हा सगळे आवाज थांबले, गळे वर झाले. तो सरळ टोकाच्या खोलीपर्यंत चालत गेला, काळ्या कुत्र्याच्या जाळीपुढे ओल्या फरशीवर बसला आणि पातेल्यातून घास घेतला. पहिल्या दिवशी होता तसाच कडू. त्याने डोळे मिटले, गिळला, आणि पुन्हा हात पातेल्यात घातला.