एका नंबरची अकरा माणसं

दीप्ती साळवी मोजमापाची पक्की. डब्यात तीनऐवजी अडीच पोळ्या निघाल्या तर डोंबिवलीला आईला फोन लावून जाब विचारणारी. मार्चमध्ये नेमक्या याच बाईने फाईलच्या ओळी मोजल्या नव्हत्या.

वागळे इस्टेटमधल्या तिच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर कारखान्यातल्या कामगारांच्या तपासण्यांच्या नोंदी ठेवतं. मानपाड्याच्या एका केमिकल कारखान्याची रक्ततपासणीची फाईल लॅबकडून आली होती, चारशे बारा ओळींची. ती डेटाबेसमध्ये एकदम भरायला गेलं की अडायची. पहिल्या दिवशी सर्व्हरने परवानगी नाकारली. दुसऱ्या दिवशी तारखा उलट्यासुलट्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी, एकच मोबाईल नंबर पुन्हा आला म्हणून अख्खी फाईल परत. नंबर हीच माणसाची ओळख, असं डेटाबेसच्या त्या टेबलात ठरलेलं.

"अगं, कोणाची तरी डबल एंट्री असेल. जुनी ओळ काढून नवी ठेव म्हणून सांग आणि मोकळी हो," तिचे साहेब अपूर्व म्हणाले.

दीप्तीने कोडमध्ये एक शब्द वाढवला. दोन सेकंदांत फाईल आत, एरर शून्य. सगळ्यांनी वडापाव खाल्ले.

नोव्हेंबरात शालन कांबळे रिसेप्शनवर येऊन बसली ती उठेचना. नवरा महेंद्र त्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला; आता कळव्याला हॉस्पिटलात.

"हिरड्यांतून रक्त येतंय. डॉक्टर विचारतात, आधीचा रिपोर्ट कुठाय, रक्त कधीपासून बिघडलं? कारखानावाले म्हणतात, कम्प्युटरवर फिट आहे. म्हटलं, तो कम्प्युटर तरी बघून यावं."

दीप्तीने नाव टाकलं. महेंद्र कांबळे नव्हताच. मग शालनने पुढे केलेल्या कारखान्याच्या कार्डावरचा नंबर टाकला. आला कोणी संदेश पाटील, शेरा 'फिट'.

"हा नंबर तुमचा ना, ताई?"

"आमचा कुठला? रतनशेठचा, ठेकेदाराचा. पोरं सिम बदलत राहतात, म्हणून अकराही जणांच्या कागदावर तो स्वतःचाच घालतो."

दीप्तीने लॅबची मूळ फाईल उघडली. एका नंबरच्या अकरा ओळी. प्रत्येक नवी ओळ आधीचीला पुसत गेली. शेवटचा संदेश पाटील तेवढा उरला. कारखान्याच्या क्लार्कने नंबर टाकला आणि अकरा कार्डांवर 'फिट' मारलं. टेबलात चारशे दोनच माणसं होती. आठ महिने.

महेंद्रच्या ओळीत पांढऱ्या पेशी निम्म्याहून कमी होत्या. पुढे शेरा: 'काम ताबडतोब थांबवा.'

अपूर्व मागे येऊन उभे होते. हळूच म्हणाले, "लॅबने नंबर चुकीचे पाठवले, असं लिही. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. म्हणून तर सोयीचं होतं.

दीप्तीने कागद छापून शालनच्या हातात दिला.

"मार्चचा आहे हा," शालन तारखेवर बोट ठेवून म्हणाली. "तेव्हा चालत होता तो. शिडी चढत होता. कुठं होता हा कागद?"

"माझ्याकडे. माझ्या हातून पुसला गेला."

शालनने कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं, असं दीप्तीला वाटलं. तिने उरलेल्या ओळी वाचल्या. तोच शेरा आणखी दोघांपुढे होता: पंढरी मोरे, मधु जाधव. तिने घाईघाईने त्यांच्यापुढचा नंबर फिरवला.

"हां, रतन बोलतोय."

तिने सगळं सांगितलं.

"मॅडम, दोघंही आत टाकीवर आहेत. शिफ्ट सुटली की सांगतो. एवढं काय? कार्डावर फिट आहेत ना?"

फोन बंद. कारखान्याचा फोन नुसताच वाजत राहिला. दीप्तीने पंढरीची ओळ पुन्हा पाहिली, मग मधुची. दुसरा नंबर नव्हता.

"छापा ते दोन कागद," शालन उठत म्हणाली. "पंढरीची बायको माझ्या शेजारी राहते. तिला घेऊन गेटवर जाते."

"मीही येते, ताई."

"या. गेटवर विचारतील, कोणी पुसलं. तेव्हा तुम्हीच सांगा."

दीप्तीने पर्स उचलली. प्रिंटरमधून कागद निघाले. तिने ते मोजले. दोन होते. पुन्हा मोजले.